उपाशी भाताचा संसार

दिवाळीच्या सुट्टीत घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मंडळींना खिडकीतून पहिल्याने दिसतात ती पिवळी खाचरे. हळवी भाते दसऱ्याच्या सुमारास कापून झालेली असतात, निमगरवी विळ्याखाली आलेली असतात, आणि गरवी अजून उभी असतात. मुले 'सोने, सोने' म्हणून ओरडतात, वडील मंडळी 'यंदा काय छान पिकले आहे' म्हणून मान डोलावतात. त्या सोन्याविषयी कवींनी पुष्कळ लिहिले आहे. मी पडलो रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, तेव्हा मला त्यात हिशेब दिसतो. पिवळे झालेले पान म्हणजे रिकामे केलेले पान. त्यात जे काही किमती होते, ते भाताने काढून दाण्यात नेऊन ठेवलेले आहे.

नेहमीच्या अंकात संपादक मला दीड रकान्यापलीकडे जाऊ देत नाहीत. दिवाळीला त्यांचाही हात थोडा सैल असतो, म्हणून हा हिशेब आज जरा सविस्तर मांडतो. नत्र कमी पडले असता भाताचे रोप आपला संसार कसा चालवते, असा विषय आहे.

निमित्त झाले ते माझ्या पुतण्याचे. माझे एक चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, रायगड जिल्ह्यात थोडी भातशेती राखून आहेत. त्यांचा मुलगा कारखान्यात पाळीची नोकरी सांभाळून शेत बघतो. गेल्या वर्षी त्याने भात निसवल्यावर हात सैल सोडून युरिया टाकला. खाचर काळेभोर हिरवे झाले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वादळी पावसात सारे आडवे पडले. पाण्यात लोळलेल्या लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. त्यात मुंबईचे एक गृहस्थ शेतघरासाठी ती जमीन मागत आहेत, आणि देत आहेत ती रक्कमही थोडकी नाही. यंदा श्रावणात मी गेलो तेव्हा पुतण्या बांधावर उभा राहून म्हणाला, "काका, परत पिवळं पडायला लागलंय. खत टाकावं तर मागच्यासारखं लोळतं, न टाकावं तर पदरात काही येत नाही. हे शेवटचं वर्ष. नाही जमलं तर देऊन टाकतो."

दादा काहीच बोलले नाहीत. खाचरात उतरले, एक चूड हाताने बाजूला सारला आणि म्हणाले, "आधी बघ, खालचं पान पिवळं आहे की वरचं."

दादांना रसायनशास्त्र येत नाही. पण या विषयाची अर्धी किल्ली त्या एका वाक्यात आहे. पानाच्या हिरवेपणाचे द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, त्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. शिवाय हवेतला कर्बवायू पकडून त्याची साखर करण्याच्या कामी जे प्रथिन लागते, ज्याला शास्त्रज्ञ रुबिस्को म्हणतात, ते पान इतक्या मुबलक प्रमाणात बनवते की भाताच्या पानातला जवळजवळ पाव हिस्सा नत्र त्या एका प्रथिनातच गुंतलेले असते. सारे हरितकण धरले तर हा हिस्सा तीन चतुर्थांशाच्या घरात जातो. तेव्हा नत्र म्हणजे पानाचे भांडवल. आणि हे भांडवल फिरते आहे. लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही, गंधकही फारसा हलत नाही. नत्र मात्र सोडवून दुसरीकडे पाठवता येते. म्हणून लोहाची किंवा गंधकाची उणीव असली की कोवळे, वरचे पान फिके पडते, आणि नत्राची असली की आधी म्हातारे, खालचे पान पिवळे पडते. वरच्या पानाच्या पिवळेपणावर युरियाचे पोते ओतणे म्हणजे डोळे आले असता कानात औषध घालणे होय.

दादांच्या खाचरात खालचे पान पिवळे होते.

आता त्या पानात काय चालले होते ते पाहू. मुळांना नत्र पुरेसे मिळेनासे झाले की पेशी स्वतःचाच काही भाग वेगळा काढून पचवू लागतात. हरितकणांचे तुकडे पेशीच्या आतल्या एका पिशवीत जातात, तिथे प्रथिने मोडली जातात, आणि सुटलेले नत्र मुख्यतः ग्लुटामिन नावाच्या लहानशा अमिनो आम्लाच्या रूपाने शिरांतून वर रवाना होते. पूर्वी मुंबईला गिरणीत गेलेला चाकरमानी पगार झाला की गावी मनीऑर्डर करी, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे मनीऑर्डर करणारा शेवटी स्वतःच संपून जातो. पेशीने स्वतःला पचवण्याच्या या व्यवहाराची गुरुकिल्ली जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी शोधली, आणि त्यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी भात अभ्यासला नव्हता, साधे यीस्ट अभ्यासले होते. पण त्या यीस्टलाही त्यांनी उपाशी ठेवले होते, आणि तेही नत्रावाचूनच. भाताच्या ज्या रोपांत ही यंत्रणा मुद्दाम बिघडवून ठेवली, त्यांना जुन्या पानांतले नत्र नीटसे सोडवता येत नाही, असे नंतर दिसून आले.

पण घरातली भांडी विकून किती दिवस निभणार? खर्चालाही कात्री लावावी लागते. भाताचा मोठा खर्च म्हणजे फुटवे. लावणी झाल्यावर एका रोपाला बुडातून नवी रोपे फुटू लागतात, त्यांना फुटवे म्हणतात. प्रत्येक फुटव्याला स्वतःची पाने हवीत, स्वतःची मुळे हवीत आणि शेवटी स्वतःची लोंबी हवी. नत्र कमी आहे असे मुळांना कळले की ती एक निरोप वर धाडतात, आणि बुडातले डोळे जे निजलेले असतात ते निजलेलेच राहतात. हा निरोप नेणाऱ्या संप्रेरकांचे नाव मोठे गमतीचे आहे: स्ट्रायगोलॅक्टोन. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला नावाचे तण आहे, त्याच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरून ते पडले. कारण यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या याच द्रव्याच्या वासावर टारफुल्याचे बी जागे होते, हे आधी ठाऊक झाले होते. तेच द्रव्य रोपाच्या स्वतःच्या फांद्याफुटव्यांना आवर घालते, हे २००८ साली भातावर आणि वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांतून उघड झाले. म्हणजे घरातली गोष्ट चोराला आधी कळली आणि शास्त्रज्ञांना नंतर!

खर्च कमी, तशी मिळकतीची खटपट जास्त. वर पाने आखडली तरी खाली मुळे लांब होतात. रोपाच्या एकंदर वजनात मुळांचा वाटा वाढतो. मुळांच्या पृष्ठभागावर अमोनिया आत ओढून घेणारी सूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी काही अशी आहेत की चिखलात अमोनियाचा अंश अगदी थोडा असला तरी तो उचलतात; टंचाईत याच दारांवर भिस्त असते.

आणि एवढे करून जे जमले ते सारे लोंबीच्या नावे. दाण्यात जे नत्र येते, त्यातले निम्म्याहून अधिक जुन्या पानांतून आणि काडीतून सोडवून आणलेले असते. लोंबीला लागून असलेले शेंड्याचे पान तेवढे शेवटपर्यंत हिरवे राखायचे, कारण दाणा भरण्यासाठी लागणारी साखर मुख्यत्वे तेच करते. बाकीची एकेक करून खालून वर रिकामी करत जायची. आमच्या आजीच्या हातातल्या पाटल्या, मग गोठ, मग गळ्यातले असे एकेक करून मुलांच्या शिक्षणापायी गेले, आणि मंगळसूत्र तेवढे राहिले. हा क्रम तिला कुणी शिकवला नव्हता.

मात्र वाचकांनी असा समज करून घेऊ नये की, रोप एवढे शहाणे आहे तर खताची गरजच काय! काटकसरीने संसार तरतो, बरकत येत नाही. उपाशी भाताला लोंब्या कमी येतात, लोंबीत दाणे कमी भरतात, आणि दाण्यात प्रथिनही कमी उतरते. रोप आपले बी राखते, त्याला तेवढे पुरते. आपल्याला आपली घरे जेवू घालायची असतात. रोपाचा हेतू आणि आपला हेतू यांत हे अंतर आहे, आणि शेतीतली सारी खटपट त्या अंतरात चालते.

ही खटपट जुनी आहे. कोकणात उन्हाळ्यात राब भाजतात हे अनेकांनी पाहिले असेल. रोपे तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ, माती असे थर रचून पेटवून द्यायचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी या चालीचा कसून अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. राख मिळते, तणाचे बी जळते, हे तर खरेच. पण जमीन तापल्यानेही तिच्यात बंदिस्त असलेले नत्र रोपांना घेता येईल अशा रूपात मोकळे होते. त्यासाठी डोंगरातली झाडे मात्र वर्षानुवर्षे बोडकी होत आली, तेव्हा या चालीची फुकट वाहवा करावी असे मला वाटत नाही.

त्याहून मला कौतुक वाटते ते खाचरातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्यानिळ्या सायीचे. शतकानुशतके खत न घालता भात येतो कसा, हे कोडे होते. ढाका विद्यापीठातले पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले की, पाण्यातले नीलहरित शेवाळ हवेतले नत्र धरून खाचरात आणते. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. सिंह यांनी हाच विषय पुढे नेला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत साठच्या दशकात सुरू झालेल्या एका प्रयोगात काही वाफ्यांना नत्राचे खत मुळी दिलेलेच नाही, आणि ते दशकानुदशके, वर्षातून दोन-तीन वेळा, बेताचे का होईना पण पीक देत आले. त्यामागे ही सायच मुख्यतः आहे. आपण शहरी माणसे तिला 'घाण' म्हणतो.

मग युरिया आला, आणि मोठे काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्या शंभर किलोंत शेहेचाळीस किलो नत्र असते. परंतु खाचरात वरून फेकलेल्या युरियातले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, फार तर चाळीस टक्के नत्र भाताच्या तोंडी लागते. बाकीचे जाते कुठे? काही अमोनियाच्या रूपाने हवेत उडते. चिखलाचा अगदी वरचा, काही मिलिमीटर जाडीचा थर हवेच्या संपर्कात असतो. तिथे अमोनियाचे नायट्रेट होते, ते खालच्या हवाबंद थरात झिरपते, आणि तिथले जंतू त्याचा वायू करून सोडून देतात. काही विहिरी-ओढ्यांत उतरते. म्हणजे तीन पोती उचलून आणावीत आणि दोन बांधावरून ओढ्यात सोडावीत, त्यातला प्रकार. पोते सरकारी मदतीने स्वस्त मिळते, म्हणून हे कुणाला खुपत नाही. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊन विकायचे ठरले, तेही या गळतीला थोडा आळा बसावा म्हणून.

महाराष्ट्रात डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती सांगितली, तिच्यातले एक सूत्र मला फार आवडते. युरिया आणि डीएपी यांच्या सुमारे पावणेतीन ग्रॅमच्या गोळ्या करायच्या, त्यांना ब्रिकेट म्हणतात, आणि चार चुडांच्या मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. हवाबंद थरात अमोनिया अमोनियाच राहतो, उडत नाही, वाहून जात नाही, आणि मुळे शोधत शोधत तिथपर्यंत पोहोचतात. लांब होणाऱ्या मुळांच्या स्वभावाचाच हा उपयोग. त्याच पद्धतीत गिरिपुष्पाचा पालाही चिखलात घालतात. श्रम अर्थातच जास्त पडतात, आणि गावात हात कमी झाले आहेत.

दरम्यान भाताच्या जातीही बदलल्या. आपला आंबेमोहोर घ्या किंवा आजऱ्याचा घनसाळ घ्या: उंच, सुवासिक आणि थोडक्यात भागवणारे वाण. त्यांना खत जास्त झाले की ते उंचच उंच वाढतात आणि लोळतात. १९६६ साली त्या फिलिपाइन्सच्या संस्थेने आय. आर. ८ हा बुटका वाण दिला. इंडोनेशियातला उंच 'पेटा' आणि तैवानातला ठेंगणा 'डी-जिओ-वू-जेन' यांच्या संकरातून तो झाला. खत खाऊनही उभा राहणारा हा भात आशियात पसरला आणि दुष्काळाची भीती पुष्कळ हटली. तथापि पुढची तीस-चाळीस वर्षे वाणांची निवड भरपूर खत दिलेल्या वाफ्यांतच होत राहिली. जिथे रोज पंगत वाढलेली आहे, तिथे काटकसर कुणाला येते हे तपासायचे कसे?

त्याचा पडताळा अलीकडे मिळाला. बुटकेपणा आणणारी जी योजना आहे तीच नत्र उचलण्याची रोपाची ओढही काहीशी मंद करते, असे २०१८ साली चीनमधील संशोधकांनी दाखवले. २०२१ साली त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या एका गटाने टीसीपी-१९ नावाच्या जनुकाचा माग काढला. थोडे नत्र मिळाले तरी फुटव्यांनी चटकन दाद देण्याचा गुण या जनुकाच्या एका रूपात आहे. ते रूप रानटी भातात सर्रास आढळते, आणि आजच्या लागवडीच्या वाणांतून बहुतेक हरवले आहे. जिथे जमिनीत नत्र वाढत गेले तिथे ते अधिक हरवले. संकराने ते परत आणले असता बेताच्या नत्रावर पीक सुधारले. म्हणजे आपण जी वस्तू अडगळ म्हणून टाकली ती परत शोधायला माळ्यावर चढलो आहोत. माळा अजून शाबूत आहे, कारण जुनी बियाणी कुणी ना कुणी राखून ठेवली.

पण हे वाण दादांच्या खाचरात यायला अवकाश आहे, आणि पुतण्याला उत्तर श्रावणातच हवे होते. त्यासाठी एक साधी वस्तू आहे: पानाच्या रंगाची पट्टी. प्लास्टिकच्या पट्टीवर फिक्यापासून गडदापर्यंत हिरव्या रंगाच्या छटा असतात. सकाळी, उन्हाकडे पाठ करून, आपल्या सावलीत धरून, सगळ्यांत वरचे पूर्ण उमललेले पान तिच्याशी जुळवून पाहायचे. गृहिणींना हे शिकवावे लागणार नाही. लुगड्याला पोलक्याचे कापड जुळवतात तसेच. पान तोडायचे नाही. अशी दहा पाने पाहायची. साध्या बुटक्या वाणांत दहांपैकी सहा पाने चौथ्या छटेहून फिकी असली तर खत द्यायचे, नसली तर पोते घरात ठेवायचे. बासमतीसारख्या वाणांना तिसरी छटा पुरते. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून भात फुलोऱ्यावर येईपर्यंत आठ-दहा दिवसांनी हे करत राहायचे. खालचे पान भूक लागल्याचे सांगते, वरचे पान ती किती लागली ते सांगते.

आम्ही तिघांनी दहा पाने पाहिली. सात फिकी निघाली. लोंबी पोटात धरण्याची वेळ आली होती, म्हणजे खताचा खरा उपयोग होण्याची. पुतण्याने पाणी बेताचे करून गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी खत दिले, आणि निसवल्यावर एक मूठही द्यायची नाही असे ठरवले. "मग पिवळं दिसलं तर?" तो म्हणाला. दादा म्हणाले, "मग ते पिकतंय म्हणून." हा मजकूर छापायला जातो आहे तेव्हा भात निसवले आहे. मुंबईचे गृहस्थ दिवाळीनंतर येणार आहेत.

आता शहरातल्या बालमित्रांसाठी थोडी जागा उरली आहे. सुट्टीत किल्ला झाला की हा उद्योग करून पाहा. भोक नसलेले दोन डबे घ्या, दोन्हींत धुतलेली वाळू भरा आणि वर बोटभर पाणी राहू द्या. एकात दर आठवड्याला चिमूटभर युरिया आणि दुसऱ्यात काही नाही; बाकी राख दोन्हींत सारखीच घाला. पेरायचे ते भात, तूस असलेले. आईच्या डब्यातला तांदूळ उगवणार नाही, तेव्हा गावाहून येणाऱ्या कुणाकडून मूठभर मागून घ्या. पहिले काही दिवस दोन्ही डबे सारखेच दिसतील, कारण बियात आईने बांधून दिलेली शिदोरी असते. तिसरे-चौथे पान आले की शिदोरी संपते. त्यानंतर रोज सकाळी बघा, आणि उपाशी डब्यातले कितवे पान कोणत्या तारखेला पिवळे झाले ते वहीत लिहून ठेवा.